मोजणी, मत आणि सत्य

चि. मुक्ता हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा वाचला. बायकांच्या नावावर जमीन का येत नाही, हा विषय तू निवडलास याचा मला मनापासून आनंद झाला. पण पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस की प्रत्येकाचं आपापलं सत्य असतं, आणि सरकारी कागदातली तथ्यं ज्याच्या हाती सत्ता त्याने घडवलेली असतात, म्हणून तू त्यांच्यावर विसंबणार नाहीस. फोनवर हा विषय काढला तर पाच मिनिटांत आपण दोघंही तावातावाने बोलायला लागू, म्हणून लिहितो आहे. माझं उभं आयुष्य भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार म्हणून गेलं. ज्या कागदांबद्दल तू लिहितेस त्यांतले काही माझ्या हातचे आहेत. पत्र लांबेल. सवडीने वाच.

बांध कुठे आहे, ही एक गोष्ट. तो तिथे कसा आला आणि त्यामुळे कोणाचं काय झालं, ही दुसरी. आणि ती जमीन कोणाकडे असायला हवी, याबद्दल मनाशी बाळगलेली जी धारणा असते, जिच्या आधाराने आपण जगतो, ती तिसरी. 'आपापलं सत्य' म्हणताना तू या तिन्ही गोष्टी एकात कालवतेस, असं मला वाटतं. आपापली असते ती फक्त तिसरी. पहिलीचं उत्तर माणसागणिक बदलत नाही. दुसरीचं उत्तर मिळवायला फार कष्ट पडतात, कधी पिढ्या जातात, पण तेही आपापलं नसतं.

आधी मोजणीचंच घे. हद्द कायम करायला गेलं की दोन्हीकडची माणसं आधीच बांधावर येऊन थांबलेली असतात. दोघंही पोटतिडकीने बोलतात, आणि जाणूनबुजून खोटं बोलणारे त्यांत फार थोडे. एकाच्या आजोबांनी तिथे बाभूळ लावलेली असते, दुसऱ्याच्या वडिलांनी अमुक दगडापर्यंत नांगर फिरवलेला असतो. आम्हाला शिकवलेलं असं, की भांडणाच्या बांधापासून मोजणी सुरू करायचीच नाही. ज्यांच्याबद्दल कोणाचीच तक्रार नाही अशा खुणा आधी शोधायच्या: शिवेचा दगड, तीन गट मिळतात तो कोपरा, जुनी विहीर. त्या पक्क्या धरायच्या आणि मूळ टिपणातली, म्हणजे पहिल्या मोजणीच्या कागदातली, अंतरं जमिनीवर उतरवत उतरवत भांडणाच्या जागेपर्यंत यायचं. पूर्वी ३३ फुटांची सोळा आण्यांची साखळी असे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. आता रोव्हर आले, उपग्रहावरून जागा कळते, पण कामाची रीत बदललेली नाही. लगतच्या सगळ्या कब्जेदारांना नोटीस द्यायची, त्यांच्यादेखत मोजायचं, जबाब घ्यायचे. मोजणी मान्य नसेल तर निमताना मागता येतो, म्हणजे वरचा अधिकारी येऊन तेच काम पुन्हा करतो. या खात्याची मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट हीच. माझा आकडा माझ्या हुद्द्यामुळे खरा ठरत नाही. माझ्यावर डूख धरणाऱ्या माणसालाही तो पुन्हा मोजून पाहता येतो आणि प्रामाणिकपणे मोजलं तर त्याचाही तेवढाच भरतो, म्हणून तो खरा.

कायद्यानेसुद्धा आपल्या नोंदींना ब्रह्मवाक्य मानलेलं नाही. जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम १५७ काढून बघ. अधिकार अभिलेखातली नोंद खरी धरायची, पण ती खोटी असल्याचं सिद्ध होईपर्यंतच. नोंदीवर रोजचे व्यवहार चालावेत एवढा विश्वास ठेवायचा आणि ती तपासण्याचा रस्ता मोकळा ठेवायचा, असं ते कलम आहे. तुझ्या विद्यापीठात तथ्याबद्दल जे काही शिकवतात, त्याच्या शेजारी हे कलमही ठेव.

आता माझ्या स्वतःच्या मताबद्दल. तू म्हणशील, बाबांचं काय, ते साखळी धरणारे, त्यांना कसलं आलंय तत्त्वज्ञान. मला आहे. 'कसेल त्याची जमीन' हे माझं तत्त्वज्ञान आहे आणि ते मी पुस्तकातून घेतलेलं नाही. तुझे पणजोबा कूळ होते. १ एप्रिल १९५७ला, कृषक दिनी, कूळकायद्याने ते कसत असलेल्या रानाचे मालक मानले गेले. पुढे त्याच कायद्याच्या कलम बत्तीस-गची चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते फिटले, प्रमाणपत्र हाती आलं. त्या रानावर माझं शिक्षण झालं. जो घाम गाळतो त्याचा जमिनीवर पहिला हक्क, हे मी आजही तितक्याच ठामपणे मानतो.

आणि तरीही एका गावात असं झालं, की मोजणी मागणारा होता मोठा जमीनदार, त्याचं कुटुंब शहरात, रान बटाईने दिलेलं. लगतचा होता दोन एकरांचा शेतकरी, नवरा-बायको दोघंही दिवसभर रानात. मोजणी झाली तेव्हा दिसलं की त्या लहान शेतकऱ्याची वहिवाट टिपणाच्या रेषेच्या तीन-चार गुंठे पलीकडे गेलेली आहे. रेषा त्याच्या मनासारखी पडली नाही आणि माझ्याही मनासारखी पडली नाही. मी ती जिथे होती तिथेच काढली. नकाशावर हद्दही दाखवली आणि प्रत्यक्ष वहिवाटही दाखवली, कारण दोन्ही गोष्टी तिथे होत्या. मग काम संपल्यावर त्या दोघांना बसवून सांगितलं की निमताना मागता येतो, आणि कब्जा बारा वर्षांहून अधिक काळ उघडपणे, मालकाच्या हक्काविरुद्ध चाललेला असेल तर दिवाणी कोर्टात त्याचा वेगळा दावा मांडता येतो, वकिलाला विचारा. हे सांगण्याचं बंधन माझ्यावर नव्हतं. ते माझ्या मतामुळे झालं. मला वाटतं माझ्या मताची जागा तिथे होती. मोजताना मी ते मध्ये येऊ दिलं असतं, चार गुंठ्यांची रेषा सरकवली असती, तर माझ्या हातून त्या शेतकऱ्याचं भलं झालं असं मला वाटलं असतं. पण पुढच्याच वर्षी दुसरा मोजणीदार दुसऱ्या मताचा आला असता, आणि त्यानेही आपल्या मतासाठी रेषा सरकवली असती, तर गरिबाने कोणत्या कागदावर बोट ठेवायचं? तुझ्या पणजोबांना जमीन मिळाली ती कोणी चोरून नकाशा बदलला म्हणून नव्हे. ती जमीन ते कसतात, वर्षानुवर्षं कसतात, हे पीकपाहणीच्या खरडलेल्या नोंदींत सापडलं, आणि कसणाऱ्याला मालकी मिळावी म्हणून झगडणाऱ्यांनी कायदा बदलायला लावला. दोन्ही लागलं.

तुझं म्हणणं मी टाकून देत नाही. सत्तेने घडवलेली तथ्यं असतात. माझ्या खात्याच्या इतिहासातच त्याचं ठळक उदाहरण आहे आणि ते तुला प्रबंधात घ्यावंसं वाटेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, १८२८च्या सुमारास, पुणे जिल्ह्यात जमिनीची पाहणी करून शेतसारा ठरवण्याचं काम प्रिंगल नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याकडे आलं. हेलीबरीच्या कॉलेजात तो अर्थशास्त्र शिकून आला होता. जमिनीच्या खंडाबद्दलचा, म्हणजे भाड्याबद्दलचा, त्या काळचा नवा सिद्धान्त त्याच्या डोक्यात पक्का बसलेला: शेताच्या एकूण उत्पन्नातून मशागतीचा सगळा खर्च आणि कसणाऱ्याचा नफा वजा केला की जे उरतं, तो निव्वळ वाढावा, आणि त्यावर सरकारने हक्क सांगितला तर शेतीला काही इजा होत नाही. प्रिंगलने त्या वाढाव्याच्या ५५ टक्के सारा धरला. त्यासाठी त्याला जमिनीच्या प्रत्येक प्रतीचं उत्पन्न हवं होतं, बैलांचा खर्च हवा होता, बियाणं, मजुरी, बाजारभाव, सगळं हवं होतं. आणि ते सगळं त्याला मिळालं. तक्तेच्या तक्ते भरले गेले. आकडे बारकाईने मांडलेले होते. पण ते गोळा करणारे हाताखालचे कारकून होते, सांगणारे धास्तावलेले शेतकरी होते, लाच देऊन प्रत बदलून घेणारे होते, आणि 'निव्वळ वाढावा' ही गोष्ट कोणत्याही शेतकऱ्याने आपल्या घरात कधी वेगळी मोजलेलीच नव्हती. प्रिंगलला जे सापडायला हवं होतं त्याचा साचा आधी तयार होता. त्यात आकडे ओतले गेले. सारा बेसुमार बसला. त्यात पिकं बुडाली, भाव पडले. इंदापूरकडे लोक जमिनी सोडून गेले, कित्येक जण निजामाच्या मुलुखात.

१८३५ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरातूनच नव्याने सुरुवात केली. त्यांनी निव्वळ वाढाव्याचा हिशेब बाजूला ठेवला. जमिनीची खोली आणि दोष बघून तिच्या नऊ प्रती लावल्या, त्या आण्यांत मोजल्या. आधीच्या वर्षांत प्रत्यक्ष वसूल किती झाला आणि लागवड किती झाली हे पाहिलं, दर उतरवले आणि तीस वर्षांसाठी कायम केले. तेही सरकारच्या तिजोरीसाठीच काम करत होते, त्यांच्याबद्दल मला हळवं व्हायचं नाही. पण आपल्याकडच्या टिपणांची, प्रतवारीची, आकाराची म्हणजे साऱ्याच्या आकारणीची पद्धत तिथून पुढे उभी राहिली.

यातलं मला तुला सांगायचं आहे ते हे. प्रिंगलचे तक्ते खोटे होते, हे कशावरून कळलं? त्याचं एक सत्य आणि रयतेचं वेगळं सत्य, असं म्हणून कोणी ते सोडून दिलं असतं तर दोन्ही शेजारी शेजारी नांदले असते आणि सारा मात्र प्रिंगलच्याच दराने वसूल होत राहिला असता. ते खोटे ठरले ते ओस पडलेल्या रानांवरून, न आलेल्या वसुलावरून, म्हणजे दुसऱ्या तथ्यांवरून. दुबळ्या माणसाच्या बाजूने उभं राहायचं असेल तर हे हत्यार टाकून चालणार नाही, मुक्ता. बलवानाला 'आपापलं सत्य' पुरतं, कारण त्याचं सत्य अमलात आणायला त्याच्याकडे माणसं असतात. ज्याच्याकडे काही नाही त्याला, सगळ्यांना मान्य करावंच लागेल असं काहीतरी दाखवता आलं पाहिजे.

मानववंशशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचं तर तुला मी सांगायला नको, तुमच्या विषयातल्या त्या. पण त्यांचं बर्लिनचं काम तुमच्याकडे किती शिकवतात मला शंका आहे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या तिथे ऑयगेन फिशरच्या हाताखाली संशोधन करत होत्या. फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारा माणूस, संस्थेचा प्रमुख, पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचा कुलगुरू झाला. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत जी विषमता असते तिचा संबंध त्यांच्या वरचढ बुद्धीशी आहे, असं त्याचं मत होतं आणि ते मोजून दाखवण्याचं काम या विशीतल्या मराठी मुलीकडे होतं. इरावतीबाईंनी शंभरावर कवट्या मोजल्या. त्यांत जर्मन वसाहतींमधून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्या कवट्याही होत्या. विषमता सगळ्यांतच होती. वंशाशी तिचा संबंध काही दिसला नाही. त्यांनी तसंच लिहिलं. पदवी ज्याच्या हातात, त्याच्याच सिद्धान्ताविरुद्ध. त्या काळी त्या संस्थेत वंशवाद वाईट आहे असं म्हणणारं भाषण करून काही उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. त्यांनी सत्तेने दिलेलंच मोजमापाचं साधन घेतलं आणि ते सरळ वापरलं. मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो मुख्यतः यासाठी.

आता तू विचारशील, मग तथ्य म्हणजेच सत्य का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि तेही मी मोजणीतूनच शिकलो.

प्रशिक्षणात आम्हाला कलियाना आणि कल्याणपूर यांची गोष्ट सांगत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी चालली होती, जॉर्ज एव्हरेस्ट तिचा प्रमुख होता. कलियाना उत्तरेला, हिमालयाच्या बाजूला. कल्याणपूर दक्षिणेला, सिरोंजजवळ. मध्ये सुमारे ६०० किलोमीटर. या दोन ठिकाणांच्या अक्षांशांतला फरक दोन रीतींनी काढला. एक, जमिनीवर त्रिकोण जोडत जोडत. दुसरी, ओळंबा लावून ताऱ्यांच्या वेधावरून. दोन उत्तरांत ५.२३६ सेकंदांचा फरक आला. कोनाचे सेकंद, म्हणजे जमिनीवर साधारण १६० मीटर. सहाशे किलोमीटरला एवढा फरक कोणीही सोडून दिला असता. एव्हरेस्टने ती जोडणीत साठत गेलेली चूक धरली आणि सगळ्या मोजणीवर वाटून टाकली. आमच्या कामात अशी चूक वाटून टाकणं रीतसर असतं, त्यात लबाडी नाही.

कलकत्त्याचा आर्चडीकन प्रॅट, धर्मोपदेशक पण गणितात मुरलेला, त्याला ते पटलं नाही. त्याने म्हटलं, हिमालय एवढा अवाढव्य, तो ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. ओळंबा सरळ खाली लोंबतो असं आपण धरून चालतो, तेच तिथे चुकत असेल. त्याने डोंगराच्या ओढीचा हिशेब केला, १८५५ साली छापला. पण उत्तर आलं १५.८८५ सेकंद, प्रत्यक्ष फरकाच्या तिप्पट. डोंगर असायला हवा त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच ओढत होता. म्हणजे कोडं सुटायच्या ऐवजी वाढलं. त्याच वर्षी इंग्लंडचा राजज्योतिषी एअरी याने उत्तर सुचवलं, की डोंगराच्या खाली, खोलवर, हलक्या खडकाचं मूळ बुडालेलं असलं पाहिजे, त्यामुळे ओढ कमी भरते. प्रॅटने पुढे वेगळंच मांडलं, की खालचा तळ सारखा आणि घनता ठिकठिकाणी कमीजास्त. दोघांपुढे आकडा तोच, उत्तरं दोन. पृथ्वीच्या कवचाचा तोल कसा राहतो याचं सगळं शास्त्र त्या पाच सेकंदांवरून वाढलं, आणि पुढच्या शंभर वर्षांत भूकंपलहरींनी व गुरुत्वाच्या मोजमापांनी दिसलं की हिमालयापुरतं तरी एअरीचं म्हणणं अधिक जवळचं होतं. त्याच्या खालचं कवच खरोखरच दुप्पट जाड आहे.

मला ही हकिगत इतकी प्रिय का, तर तिच्यात कोणाचंच तथ्य खोटं नव्हतं. साखळी बरोबर होती, तारे बरोबर होते, ओळंबाही त्याच्या परीने बरोबरच होता. तरी हिमालयाच्या पोटात काय आहे हे त्यांपैकी कोणत्याही एका आकड्यात लिहिलेलं नव्हतं. ते कळायला आकडे एकमेकांशी का जुळत नाहीत हे विचारणारा माणूस लागला. आणि तो माणूस काय विचारेल हे त्याच्या श्रद्धेवर, स्वभावावर, त्याला जग कसं दिसतं यावर ठरतं. सृष्टीत सुसूत्रता आहे अशी त्या काळच्या बहुतेक अभ्यासकांची श्रद्धा होती, प्रॅट तर धर्माचाच माणूस. ५.२३६ हा आकडा त्या श्रद्धेतून आला नाही. तो आकडा सुटता राहू द्यायचा नाही, ही तळमळ मात्र तशा श्रद्धेतूनच येते असं मी मानतो.

तुझा विषय नेमका याच ठिकाणी येतो, हक्कसोडपत्रापाशी.

वडील गेले की वारसनोंद होते. मुलं, मुली, आई सगळ्यांची नावं फेरफाराला येतात. काही गावांत मुलींची नावं कब्जेदारात न लागता 'इतर हक्क' या रकान्यात ढकललेली मी कित्येकदा पाहिली आहेत. मग वर्षा-दोन वर्षांत बहिणी येतात, हक्कसोडपत्रावर सह्या करतात. कागदात लिहिलेलं असतं की मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, मोबदला न घेता माझा हिस्सा भावाच्या लाभात सोडत आहे. सही खरी. साक्षीदार खरे. मुद्रांक खरा. तिला दुय्यम निबंधकाने विचारलेलं असतं आणि तिने हो म्हटलेलं असतं, तेही खरं. एकही तथ्य खोटं नाही. आणि तरी ते वाचताना तुझ्यासारख्या मुलीच्या मनात जे येतं, की यात काहीतरी राहिलं आहे, तेही बरोबर आहे. हिस्सा मागितला तर माहेर तुटेल, दिवाळीला कोणी न्यायला येणार नाही, सासरी काही झालं तर पाठीशी उभं राहायला कोणी उरणार नाही, हे त्या कागदात कोणत्याही ओळीत नसतं.

इथे तू म्हणतेस की कागद खोटा, बाईचं सत्य वेगळं. मी म्हणतो, कागदावर थांबू नकोस पण कागद टाकूही नकोस. त्याला आणखी प्रश्न विचार. राजीखुशीने हिस्सा सोडणं हा जर नुसता मायेचा व्यवहार असेल, तर माया दोन्हीकडून वाहायला हवी. मग त्याच गावात, त्याच वर्षांत किती भावांनी बहिणीच्या लाभात हक्क सोडला? हे कोणाच्या मनात शिरून बघावं लागत नाही. गाव नमुना सहा, म्हणजे फेरफार नोंदवही, त्यात प्रत्येक हक्कसोड क्रमाने लिहिलेला असतो. मोजून काढ. मला काय दिसेल याचा अंदाज आहे, पण अंदाज तो अंदाजच. तू मोजून ठेवलंस तर तो आकडा तुला मानणाऱ्यालाही मान्य करावा लागेल आणि न मानणाऱ्यालाही. शंभर बायांच्या मुलाखती एका बाजूला आणि हा एक तक्ता दुसऱ्या बाजूला, असं मात्र करू नकोस. मुलाखतींनी तक्त्यातल्या आकड्यामागचं कारण कळेल, आणि तक्त्याने मुलाखत देणारी एकटी नाही हे कळेल.

असा प्रश्न मुळात सुचायला मत लागतं. मी इतकी वर्षं त्या वह्या हाताळल्या. माझं मत कसणाऱ्याच्या बाजूचं होतं, त्यामुळे कूळ, पीकपाहणी, वहिवाट इकडे माझं लक्ष चटकन जायचं. शेतकरी संघटनेने नव्वदच्या आसपास लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, पुरुषांनी आपण होऊन बायकोच्या नावावर जमीन करावी म्हणून, तेव्हा सातबाऱ्याकडे त्या नजरेने बघणारी माणसं गावोगाव दिसली. सातबारा तोच होता. त्यात बाईचं नाव नाही हे तथ्यही तितकंच जुनं होतं. ते नाव नाही ही सांगण्यासारखी गोष्ट आहे, असं कोणाच्या तरी तत्त्वज्ञानाने ठरवलं तेव्हा कुठे ते दिसायला लागलं. म्हणून तुझं मत बाजूला ठेवून अगदी कोरी होऊन गावात जा, असं मी म्हणणार नाही. तुझ्या मार्गदर्शकांनी तसं सांगितलं असेल तर त्यांचा हेतू चांगला असेल, पण कोरा माणूस कोणतीच वही उघडत नाही. मत घेऊन जा. फक्त उत्तर लिहिताना त्याला पेन देऊ नकोस.

आणि एका गोष्टीची तयारी आधीच ठेव. काही बाया तुला सांगतील की मी खरंच खुशीने दिलं, भावाने माझ्या लग्नाचं कर्ज फेडलं, आईला शेवटपर्यंत सांभाळलं, मला ती जमीन नकोच होती. तुझ्या मनात लगेच येईल की हिला कळत नाहीये, हिचं मनच तसं घडवलंय. येऊ दे, पण ते लिहिण्याआधी तिने सांगितलेलं कर्ज, सांभाळ, सगळं तपासून बघ. खरं निघालं तर ते तळटिपेत न टाकता मजकुरात लिही. तुझ्या मताला ते सोसवत नसेल तर मतात कुठेतरी दुरुस्ती हवी आहे. ती केल्याने मत लहान होत नाही. कसणाऱ्याच्या हक्कावरचा माझा विश्वास त्या दोन एकरवाल्याच्या मोजणीनंतर कमी झाला नाही. कसणाराही कधी शेजाऱ्याच्या रानात शिरलेला असू शकतो, एवढं मात्र त्यात जमा झालं, आणि त्यानंतर मी त्या विश्वासाबद्दल जास्त मोकळेपणाने बोलू लागलो, कारण समोरचा काय दाखवेल याची भीती राहिली नाही.

आता कामाचं. प्रश्नावलीत तू 'हक्क स्वखुशीने सोडला का?' असा एकच प्रश्न ठेवला आहेस. त्याला सगळ्या हो म्हणतील. त्याऐवजी अशा गोष्टी विचार ज्या दुसऱ्या कोणाकडून पडताळता येतील: वडील जाऊन किती दिवसांनी सही झाली, निबंधकाच्या कचेरीत सोबत कोण होतं, मुद्रांकाचे पैसे कोणी भरले, कागद सहीआधी वाचून दाखवला का, हिश्शाला किती क्षेत्र येत होतं हे तिला त्या दिवशी ठाऊक होतं का, त्यानंतर माहेरी जाणं वाढलं की कमी झालं. वह्या बघताना वर्षांचे गठ्ठे वेगळे कर. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या स्वतःच्या हिश्शात वाटा मिळाला. महाराष्ट्राने जून १९९४मध्ये तिला जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखीच हिस्सेदार, केलं, त्यात त्याआधी लग्न झालेल्या मुली आल्या नाहीत, आणि २००५ साली ते देशभर झालं. तेव्हा १९९४च्या आधीची दहा वर्षं, मधली, आणि २००५नंतरची असे तीन भाग पाडलेस तर कायदा बदलल्यावर हक्कसोड वाढले की घटले ते दिसेल. वाढलेले दिसले तर दचकू नकोस, हक्क मोठा झाला की सोडून घेण्याची घाईही मोठी होते, असा एक अर्थ निघू शकतो. पण तोही तपासूनच लिही. 'इतर हक्क' मधली नावं वेगळ्या रकान्यात घे, ती कब्जेदारांत मिसळलीस तर सगळा हिशेब चुकेल.

गावाची निवड झाली की कळव. जुन्या वह्यांतलं अक्षर लावायला त्रास होतो, काही ठिकाणी नोंद कंस करून खाली नवी लिहिलेली असते आणि नवख्या माणसाला जुनी चालू आहे असं वाटतं. पहिले दोन दिवस मी तुझ्यासोबत तलाठी कार्यालयात येऊन बसेन. नकलांसाठीचा अर्ज आधीच देऊन ठेव, त्याला वेळ लागतो. आईने तुझ्यासाठी मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी करून ठेवली आहे, ती घेऊन येतो.

तुझा,
बाबा